लिहित्यांचे प्रश्न : बंबावरची नायिका, पेठेतलं माहेर

गेल्या अंकात या सदरासाठी आम्ही एक विषय दिला होता. पुण्याच्या अग्निशमन दलात काम करणारी स्त्री आणि माहेराशी तुटलेलं नातं पुन्हा जोडण्याची तिची धडपड, या दोन धाग्यांवर कादंबरी लिहिणाऱ्यांनी अडचणी कळवाव्यात, असं म्हटलं होतं. आलेले बहुतेक प्रश्न आगीबद्दलचे आहेत, घराबद्दल फार थोड्यांनी विचारलंय. आगीची माहिती विचारून मिळते आणि घर तर आपल्याला येतंच, असा समज दिसतो. पाठवलेली प्रकरणं वाचल्यावर मात्र उलटं वाटलं. आगीतल्या चुका चार ओळी बदलून सुटतात, घरातल्या चुकांसाठी अख्खं कथानक बदलावं लागतं. उत्तरं अग्निशमनाचं काम जाणणाऱ्या आणि कादंबऱ्यांचं संपादन करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी मिळून तयार केली आहेत.

प्रश्न : पहिल्या प्रकरणात कसबा पेठेतल्या एका वाड्याला रात्री आग लागते. नायिका एकटी ज्वाळांमधून जिना चढते. वरच्या खोलीत तिला वडील दिसतात. त्यांच्याशी तिचं नऊ वर्षं बोलणं नाही. त्यांना खांद्यावर टाकून ती बाहेर येते. मित्र म्हणतो, हे फिल्मी आहे. काय दुरुस्त करू? (सदाशिव पेठ)

मित्राचं ऐका. आधी ‘एकटी’ हा शब्द खोडा. धुरात कुणी एकटं शिरत नाही, कमीत कमी दोघं जातात. बाहेर एक जण कोण कधी आत गेलं आणि त्यांच्या सिलिंडरमध्ये किती हवा होती याची नोंद ठेवतो. म्हणजे तुमच्या प्रसंगात आपोआप दोन पात्रं वाढली: आत सोबत असलेला आणि बाहेर घड्याळ बघणारा. वडिलांशी तुटलेलं नातं यांतल्या एकाला ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाही, एवढी सोय केलीत तरी प्रसंग भरतो.

मग ‘दिसतात’ खोडा. घरातल्या आगीत ज्वाळा कमी आणि धूर जास्त असतो. गरम धूर आधी छताला साठतो, मग थर खाली उतरत येतो. उभं राहिलं तर काहीच दिसत नाही आणि डोकं त्या तापलेल्या थरात जातं. म्हणून गुडघ्यांवर, हातांवर रांगत जायचं. एक हात भिंतीला लावला की तो सोडायचा नाही. उजवा लावून आत गेलं तर परतताना डावा, म्हणजे तीच भिंत बाहेर आणते. दार उघडण्याआधी त्यावर पाण्याचा हलका फवारा मारून बघतात. पाणी चटकन वाफ होऊन उडालं तर पलीकडे आग जोरात आहे. आत गेल्यावर कानांना स्वतःचा श्वास ऐकू येतो, मास्कच्या झडपेचा खर्रर आवाज, आणि वर कौलं तडकताना होणारे फटाक्यासारखे आवाज.

माणूस सापडतो तो हाताला. आधी पाय लागतो, नाहीतर पलंगाची कड, गादी आणि तिच्याखाली कुणीतरी. जाड हातमोज्यातून चेहरा कळत नाही, माणूस म्हातारा की तरुण हेही पुष्कळदा कळत नाही. म्हणजे नायिकेनं आपल्याच वडिलांना ओढत आणलं आणि तिला ते माहीत नव्हतं! ओट्यावर आणून ठेवल्यावर कुणीतरी टॉर्च मारतो आणि तेव्हा तिला कळतं. तुमच्या मूळ प्रसंगापेक्षा हा बरा आहे, आणि खराही.

खांद्यावर उचलणंही काढा. पाठीवर हवेचा संच, अंगावर जाड कोट, त्यात उचललेल्या माणसाचं डोकं जाणार थेट गरम धुरात. बगलेत हात घालून किंवा चादरीवर घेऊन जमिनीलगत ओढतात. वाड्याचा जिना अरुंद, उभा, लाकडी असतो आणि पुष्कळदा वर झाकणाचं दार असतं. तिथे एक जण डोक्याकडे, दुसरा पायांकडे, आणि खाली बसून एकेक पायरी. हे वर्णन एका परिच्छेदात उरकू नका, पान द्या.

वाडा कसा जळतो हेही समजून घ्या. सागाच्या जाड तुळया दिसायला भयंकर पेटतात, पण लाकूड मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर या वेगानं कोळसा होत आत जातं. अर्ध्या तासानं आग लागलेल्या बाजूचं दोन सेंटिमीटरच्या आसपास लाकूड गेलेलं असतं, उरलेलं भार पेलत उभं असतं. नंतरच्या दुरुस्तीत कुणी उघडा लोखंडी गर्डर टाकला असेल, तर धोका तिथे जास्त. साडेपाचशे-सहाशे अंशांच्या सुमारास त्याची ताकद निम्म्यावर येते आणि तो वाकून भिंत ढकलतो. तिसरा धोका आग विझल्यावरचा. मातीच्या भिंती आणि मातीचा थर असलेली वरची जमीन मारलेलं पाणी पिऊन जड होते, भिजलेली भिंत दम सोडते. आगीत उभा राहिलेला वाडा पहाटे कूलिंग, म्हणजे आतली धग मारायचं काम, चालू असताना बसू शकतो. प्रकरण लांबवायचं असेल तर तिथे लांबवा.

प्रश्न : श्वसन संचात हवा किती वेळ पुरते? माझी नायिका आत ‘तासभर’ शोध घेते. (हडपसर)

तासभर नाही. गणित सोपं आहे. नेहमीचं सिलिंडर ६.८ लिटरचं, ३०० बार दाबानं भरलेलं. ६.८ गुणिले ३०० म्हणजे साधारण २,००० लिटर हवा. दाब ५५ बारच्या आसपास उतरला की शिट्टी वाजते. ती शिट्टी ‘आता निघा’ असं सांगत नाही. तोवर बाहेर पोचलेलं असावं, अशा बेतानं काम करायचं असतं. शिट्टीपर्यंत हाती राहतात १,६०० ते १,७०० लिटर. मिनिटाला ४० लिटर धरले तर चाळीस मिनिटं. होज म्हणजे पाण्याचा पाइप ओढत, जिना चढत, माणूस खेचत काम चाललं की खप ६०-७० लिटरवर जातो, म्हणजे पंचवीस मिनिटं. यात परतीचा वेळही आला.

कादंबरीकाराच्या कामाची गोष्ट यापुढे आहे. घाबरलेला माणूस हवा भराभर खातो. दारावर ओळखीची नावाची पाटी हाताला लागल्यावर तिच्या मनात काय कालवाकालव झाली हे लिहू नका. दाबाचा काटा १९० वरून १६० वर कधी आला तिला कळलंच नाही, एवढं लिहा.

आणखी एक. संचाला हालचाल थांबल्यावर किंचाळणारं यंत्र जोडलेलं असेल, तर माणूस साधारण अर्धा मिनिट निश्चल राहिला की ते वाजतं. त्यामुळे आत आजीचा फोटो पाहून नायिका ‘कितीतरी वेळ स्तब्ध उभी राहिली’ असं आम्हाला तीन हस्तलिखितांत सापडलं, ते तिन्ही ठिकाणी अर्ध्या मिनिटानंतर कर्णकर्कश झालं असतं.

प्रश्न : ‘वर्दी’ हा शब्द गणवेशासाठी वापरला तर चालेल ना? आणि बंब म्हणू की फायर इंजिन? (चिंचवड)

गणवेशासाठी वापरू नका, गोंधळ होईल. अग्निशमन दलात वर्दी म्हणजे घटनेची खबर: ‘टिंबर मार्केटची वर्दी आहे’, ‘रात्रीत पाच वर्द्या झाल्या’, ‘वर्दीवर गेलेत’. हिंदी मालिकांमुळे वर्दी म्हणजे गणवेश हा अर्थ डोक्यात बसलाय. तुमच्या नायिकेची आई मात्र याच शब्दाला फसू शकते, आणि तो विनोद चांगला होईल.

बंब लोक म्हणतात, दलातली माणसं बोलताना नुसतं ‘गाडी’ म्हणतात. जवान, त्यांच्यावर तांडेल, त्यावर अधिकारी. पाइपला होज, त्याच्या तोंडाच्या धातूच्या नळीला ब्रँच. आग आटोक्यात आल्यावर राडारोडा उलथून आतली धग मारत बसायचं काम म्हणजे कूलिंग. ‘अग्निशामिका’ हा शब्द एका वाचिकेनं सुचवलाय. सुंदर आहे, पण सोबतचे जवान तिला मॅडम म्हणतील नाहीतर आडनावानं हाक मारतील.

प्रश्न : गाडी वाड्यापर्यंत जात नसेल तर पाणी कसं नेतात? हे दाखवताना कंटाळवाणं होतंय. (धनकवडी)

कंटाळवाणं होतंय कारण वजन लिहिलेलं नाही. होज ६३ मिलिमीटरचा, पंधरा किंवा तीस मीटर लांबीचा. तीस मीटरच्या एका होजमध्ये पाणी भरलं की नुसत्या पाण्याचं वजन नव्वद किलोंच्या वर जातं. लक्ष्मी रस्त्यावर गाडी थांबवून आत शंभर मीटरवर वाडा असेल, तर वळणं धरून चार होज जोडावे लागतात, म्हणजे पावणेचारशे किलो पाणी. म्हणून होज रिकामा पसरतात, जोड तपासतात, ब्रँचवरचा माणूस तयार झाला की मगच मागे पाणी सोडायला सांगतात. घाईत आधी सोडलं तर भरलेला होज वळत नाही, मुडपतो, आणि पुढे नुसती धार ठिबकते. पेठेत तो मुडपतो कुठे? कोपऱ्यावर लावलेल्या दुचाकींच्या स्टँडमध्ये. चार जण चार दुचाक्या उचलून बाजूला ठेवताहेत, वरून कुणी ‘अहो, माझ्या गाडीला ओरखडा’ म्हणून ओरडतंय, एवढं दाखवा. पुणं दिसेल.

बंद खोलीत पाणी किती मारायचं यालाही हिशेब आहे. एक लिटर पाण्याची वाफ सुमारे १,७०० लिटर जागा व्यापते. दार लावून धबाधबा मारलं तर ती वाफ मारणाऱ्याच्याच अंगावर येते. नवशिक्या जवानाच्या पहिल्या चुकीसाठी ही चूक घ्या, पटेल.

प्रश्न : नायिका आणि तिचा मोठा भाऊ सात वर्षं बोलत नाहीत. वाडा विकसनाला द्यायचा होता, तिनं हक्कसोडपत्रावर सही केली नाही. शेवटाकडे भाऊ आगीत अडकतो, ती त्याला वाचवते आणि सगळं मिटतं. पण मिटल्यासारखं वाटत नाही. (नारायण पेठ)

वाटणार नाहीच. जीव वाचवल्यानं उपकार होतो आणि उपकारानं भाऊ आणखी खाली दबतो. सात वर्षांपूर्वी ती सही करत नव्हती म्हणून तो चिडला होता, आता तो चिडूही शकत नाही. याला मिटणं म्हणत नाहीत. भावाला आगीतून बाहेर काढा, म्हणजे तो अडकण्याचा प्रसंगच कथानकातून काढा.

आधी कागद नीट करा, कारण वाचक पुणेकर आहे, त्याला कागद कळतात. महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं तो सगळ्या मुलींना मिळाला, आणि त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणी झाली असेल तर ती उकरता येत नाही. आणि वाडा वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला असेल, तर त्यांच्या हयातीत मुलाचाही हक्क नाही, मुलीचाही नाही; मृत्युपत्र करून ते कुणालाही देऊ शकतात. तुमच्या हस्तलिखितात पान ४० वर वाडा ‘आजोबांचा’ आहे आणि पान ११२ वर ‘अण्णांनी घेतलेला’. दोन्हींत भांडण वेगळं होतं. एक ठरवा.

आजोबांचाच ठेवा. मग भावाची बाजू लिहा, तीही चांगली लिहा. हक्कसोड मागणारा भाऊ कथांमध्ये लोभी असतो. खऱ्या घरात त्यानं पंधरा वर्षं मिळकतकर भरलेला असतो, कौलं शेकारलेली असतात, आईचं दवाखान्याचं केलेलं असतं, आणि ‘बहीण सही करेलच’ हे त्याला कुणी शिकवावं लागलेलं नसतं. तिचीही बाजू नुसती हक्काची नको. तिला पैसे नको असतील, विचारलं जायला हवं असेल. कागद तयार करून, मुद्रांक लावून, सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली मारून तिच्यापुढे ठेवला होता. ती फुली तिला सात वर्षं दिसतेय.

आता मिटवायचं कसं. एका प्रसंगात नाही. आम्ही असं सुचवू की तिची नोकरीच आडवी घाला. लक्ष्मीपूजनाची रात्र अग्निशमन दलाला सगळ्यात धावपळीची. गच्चीवरचं भंगार, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, बंद गोदामाचा पत्रा, कुठेही रॉकेट शिरतं. त्या दिवसांत रजा मिळत नाही. मग गेली सात वर्षं भाऊबिजेला न जाण्याला तिच्याकडे घरच्यांना पटेल असं कारण आहे: ड्युटी. आईही तेच शेजाऱ्यांना सांगते. यंदा भाऊबिजेला तिला सुट्टी लागते. आता काय करते ती? खरं म्हणजे कादंबरी तिथे सुरू होते.

ती जाते असं धरू. दोन रात्रींची जागी, केसांना धुराचा वास. दार वहिनी उघडते. मोठी वहिनी धाकट्या नणंदेला काय म्हणेल? ‘ये ना गं, किती वर्षांनी’ असलं काही नको. ती म्हणेल, ‘गीझर लावलाय, आधी न्हाऊन घे.’ भाऊ आतून येऊन विचारेल, ‘गाडी कुठे लावलीस? इथनं उचलतात हल्ली.’ एवढंच. ‘मला माफ कर’ हे वाक्य सख्ख्या भावंडांत मराठीत कुणी बोलत नाही, ते भाषांतरातून आलेलं आहे. ते दिसेल तिथे कापा. पुतणी मात्र ‘आत्या’ म्हणून मोकळेपणानं बोलेल, कारण भांडण झालं तेव्हा ती दोन वर्षांची होती. दोघांना एकमेकांशी जे बोलायचंय ते काही दिवस पुतणीमार्फत बोलू द्या.

शेवटी सही व्हायची असेल तर ती दुय्यम निबंधक कार्यालयात होऊ द्या. टोकन, रांग, कॅमेऱ्यासमोर फोटो, दोन साक्षीदार, अंगठा. कागदावर ‘स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय’ अशी ओळ असते. आणि अंगठा यंत्रावर उमटत नाही. भाजल्याचा जुना व्रण असलेल्या, झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र पुष्कळदा घेत नाही. कारकून म्हणतो, ‘बोट पुसा, परत ठेवा.’ चौथ्या वेळी भाऊ आपला रुमाल पुढे करतो आणि पहिल्यांदाच तिचा हात नीट बघतो. सही झाली की हक्क गेला, हेही विसरू नका. पुढे मिळकतपत्रिकेवरून तिचं नाव कमी होईल. की ती सही न करता वाटा ठेवते आणि भाऊ ते मान्य करतो? आमच्यात यावर एकमत नाही. एकाला पहिला शेवट पटतो, दुसऱ्याच्या मते तो बाईनंच सोडायचं या जुन्या सवयीचा गोड अवतार आहे.

प्रश्न : भावाच्या फ्लॅटमध्ये गॅस गळतो. नायिका धावत शिरते, एक्झॉस्ट फॅन लावते आणि सिलिंडर गॅलरीत फेकते. बरोबर? (वारजे)

फॅनच्या बटणाशी तुमची कादंबरी संपते. गळती असताना बटण लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही, दोन्हींत ठिणगी असते. दाराची घंटाही वाजवायची नाही. फोन बाहेर जाऊन करायचा: १०१, आणि सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६.

आधी ठरवा, घरात सिलिंडर आहे की पाइपचा गॅस. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड. तो ओट्याखाली, मोरीत, दाराच्या फटीशी जमिनीलगत साठतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला तरी पेटण्याजोगा होतो. पाइपचा नैसर्गिक गॅस हलका, तो छताकडे जातो आणि साधारण पाच टक्क्यांपासून पेटतो. जाणती बाई दारातून आत पाऊल टाकण्याआधी वास खाली येतोय की वर, हे बघेल.

मग क्रम असा. माणसं बाहेर. दारं-खिडक्या सताड उघड्या. रेग्युलेटरची कळ बंद, रेग्युलेटर काढून दोरीला लटकणारी टोपी सिलिंडरच्या तोंडावर घट्ट. पाइपचा गॅस असेल तर मीटरजवळची चावी आडवी. फ्रिज सगळे विसरतात. तो आपोआप चालू-बंद होतो आणि प्रत्येक वेळी आत ठिणगी पडते. म्हणून वीज घरातून नाही, खाली पार्किंगमधल्या मीटरच्या खोलीतून तोडायची. वास दाट असेल तर घरच्या कपड्यांत, संच नसताना तीही आत जाणार नाही. जिन्यातली दारं ठोठावत माणसं उतरवेल, लिफ्ट वापरू देणार नाही.

घराच्या दृष्टीनं या प्रसंगात एक छान गोष्ट आहे: ती दादाला ओरडून हुकूम देते आणि तो, आयुष्यात पहिल्यांदा, न वाद घालता जिना उतरतो. पाऊण तासानं सगळं निवळल्यावर दोघंही त्याबद्दल बोलत नाहीत.

प्रश्न : एका कादंबरीत किती आगी असाव्यात? (कोथरूड)

दोन. तिसरी लागली की वाचक पानं उलटतो.

बाकीच्या वर्द्या वापरा, त्याच जास्त असतात. पहिल्या पावसात झाडपडी, रिक्षावर आडवा झालेला गुलमोहर, करवत आणि वायर. संक्रांतीच्या सुमारास मांजात लटकलेली घार. फेब्रुवारीपासून टेकड्यांवरचं वाळलेलं गवत. तिथे गाडी पोचत नाही, फांद्यांनी आणि झोडप्यांनी विझवावं लागतं. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं. आतून कडी लागून एकटं राहिलेलं मूल आणि बाहेर रडणारी आई. या शेवटच्या वर्दीत नायिकेला दारातून त्या मुलाशी वीस मिनिटं बोलत राहावं लागतं, आतून माणसं कशी उघडी होतात हे त्यातून दाखवता येईल. आणि मोठा प्रसंग हवाच असेल तर पाण्याचा घ्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, कात्रजपासून अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीपर्यंत पाणी घरांत घुसलं, भिंती पडल्या, माणसं गेली. पुणेरी कादंबरीत ही रात्र अजून पुरेशी आलेली नाही.

प्रश्न : ती घरी आल्यावर अंगाला धुराचा वास येतो, हे वारंवार लिहावं का? (बाणेर)

एकदाच, पण नेमकं लिहा. साबणानं अंगाचा जातो, केसांचा दोन-तीन न्हाणी राहतो. आगीतला कोट आणि बूट घरी आणायचे नसतात, काजळी मुलांच्या कपड्यांत मिसळायला नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०२२ मध्ये अग्निशमनाचं काम कर्करोगकारक गटात धरलं, त्यामागे हा धूर आणि काजळीही आहे. कूलिंगच्या वेळी धूर विरळ दिसतो म्हणून मास्क काढायची सवय असते, तीच वाईट. बिनवासाचा कार्बन मोनॉक्साइड तेव्हाही असतो. आत कृत्रिम धाग्याचे कपडे घालत नाहीत, ते वितळून कातडीला चिकटतात. आईनं वाढदिवसाला दिलेला चकाकता टॉप ती ड्युटीला का घालत नाही, हे आईला कधी सांगितलेलं नसेल तर तेवढ्यावरून रुसवा लिहिता येतो.

प्रश्न : नायिकेचे आजोबा १९६१ च्या पुरात बंबावर होते असं दाखवलंय. कंदील घेऊन रात्री लोकांना वाचवताना. (एरंडवणे)

तारीख १२ जुलै १९६१, वार बुधवार. पानशेत सकाळी फुटलं, मग खडकवासलाही. शहरात पाणी दिवसाउजेडी चढलं. कंदील रात्रीच्या प्रसंगात न्या: पाणी ओसरल्यावरचा चिखल, वीज नाही, आणि खडकवासलाच गेल्यामुळे प्यायच्या पाण्याचे पुढचे कित्येक महिने हाल. वयाचंही बघा. तेव्हा पंचविशीत असलेले आजोबा आज नव्वदीला टेकलेले असतील.

प्रश्न : शेवट असा आहे: १४ एप्रिलला शहिदांना मानवंदना, नायिका रांगेत उभी, आणि गर्दीत तिला भाऊ दिसतो. चालेल? (भवानी पेठ)

१४ एप्रिल १९४४ ला दुपारी चारच्या सुमारास मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज फुटलं. त्यात कापसाच्या गासड्या होत्या आणि स्फोटकंही. आग विझवायला गेलेले मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण गेले, म्हणून हा दिवस पाळतात आणि पुढे आठवडाभर अग्निसुरक्षेचे कार्यक्रम चालतात. एवढं तुम्ही लिहिलंय, बरोबर आहे.

पण १४ एप्रिल म्हणजे आंबेडकर जयंतीसुद्धा. पुण्यात त्या दिवशी पुणे स्टेशनजवळच्या पुतळ्याशी सकाळपासून रांगा, संध्याकाळी मिरवणुका, आणि अग्निशमनची गाडी बंदोबस्ताला उभी. तुमच्या हस्तलिखितात त्या दिवशी शहर ओसाड आहे, हे पुण्यात राहणारा कुणीही पकडेल. मानवंदनेची रांग दोन वाक्यांत संपवा आणि तिला त्या बंदोबस्तावर पाठवा. उन्हात गाडीच्या सावलीला ती उभी आहे. भाऊ शोधत येतो, पण बॅरिकेडपलीकडे त्याला सोडत नाहीत. तो फोन करतो. तिचा फोन गाडीत आहे. मग एका पोलिसाच्या हाती तो पाण्याची बाटली आणि डबा पाठवतो. डब्यावर कुणाचं नाव नाही, झाकणाखाली वहिनीच्या हातच्या पुरणपोळ्या आहेत, आणि वर्दी येते. डबा उघडा राहतो, तांडेल म्हणतो, ‘मॅडम, खाऊन घ्या, चालत्या गाडीत.’